आगुनदादूंचा फ्रिज

साठेकाकांचा फ्रिज थंड व्हायला त्याच्याखाली ज्योत पेटवावी लागते. कोलकात्यात, बालीगंजमधल्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच. आमचं तिसऱ्या मजल्यावर, काकांचं चौथ्यावर. कारखान्यांची शीतयंत्रं सांभाळून निवृत्त झालेले काका एकटेच राहतात. बंगाली शेजारी त्यांना आगुनदादू म्हणतात, म्हणजे आगवाले आजोबा.

विजेचा फ्रिज त्यांना चालत नाही. "अहो, घुरघुरतो तो. माझ्या फ्रिजात फिरणारा भागच नाही. अमोनिया आतली उष्णता उचलतो, पाणी अमोनियाला शोषून घेतं, ज्योत त्याला परत पाण्यातून हुसकून लावते. उष्णता मागच्या जाळीतून बाहेर. समजलं ना?"

समजलं म्हटलं तर परीक्षा घेतात. नाही म्हटलं तर पहिल्यापासून सांगतात. माझी बायको हल्ली "अर्धं समजलं" म्हणते आणि जिना उतरू लागते.

हा फ्रिज जरा कलला तरी रुसतो. म्हणून काका रोज गवंड्याची पाणसळ लावून तो सरळ आहे ना ते तपासतात. पाहुण्यांना सरबत विचारतात, बर्फ व्हायला वेळ लागतो म्हणून तोवर चहा देतात. सरबत प्यायला कुणी थांबल्याचं मला आठवत नाही.

मग वादळ आलं आणि दोन दिवस वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावरच्या मुखर्जी माशीमांची, म्हणजे मावशींची, सून इन्सुलिनची डबी घेऊन वर आली. काकांनी स्वतःचं दही, लोणी, भाजी सगळं बाहेर काढलं आणि दारोदार जाऊन विचारलं, "थंड ठेवायचं औषध आहे का?" सहा घरांची औषधं जमली. प्रत्येकावर त्यांनी नाव लिहिलं. वाऱ्यानं ज्योत विझू नये म्हणून उघडी छत्री आडवी धरून दिवसभर तिथंच बसले.

दुपारी मी खिचडी घेऊन गेलो. म्हटलं, "काका, इतका जुना फ्रिज तुम्ही कशासाठी सांभाळलात?"

मी व्याख्यानाच्या तयारीनं बसलोच होतो. पण ते ज्योतीकडे बघत राहिले.

"खाणीजवळच्या वसाहतीत होतो. वीज सारखी जायची. माझ्या बायकोचं, नलूचं इन्सुलिन मी बर्फात ठेवायचो. एका उन्हाळ्यात बर्फ मिळेना. औषध खराब झालंय हे आम्हाला कळलंच नाही."

मी खिचडीचं ताट त्यांच्याजवळ ठेवलं.

"हा मी नंतर घेतला," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातातली छत्री घेतली. त्यांनी ताट पुढे ओढलं आणि सावकाश जेवायला सुरुवात केली.