पाळण्यातला वरवंटा

"हे सांगितलं तर तुमाला खरं वाटणार नाय," असं तुळशीराम प्रत्येक गोष्टीआधी म्हणायचा, आणि पनवेलच्या बाजारात त्याचं एवढं एकच वाक्य लोकांना खरं वाटायचं.

तरी मुनाफच्या चहाच्या दुकानातलं बाकडं भरलं, की मिठागरावरून आलेला तुळशीराम बशीत चहा ओतून सुरू व्हायचा. त्या संध्याकाळी मुंबईच्या अनाथाश्रमातल्या बाईंची गोष्ट निघाली.

तुळशीराम आणि रंभाला मूल नव्हतं. आश्रमातली एक तान्ही मुलगी त्यांना द्यायची की नाही, ते घर बघून ठरणार होतं. सबनीसबाई घर बघायला येणार असा निरोप आला, तेव्हा तुळशीराम बायकोला म्हणाला होता, "तू नुसती बघत राहा. बोलायचं माझ्यावर सोड. मी मामलेदाराला गुंडाळलाय, ही तर साधी बाई."

घर सारवलं. शेजारच्या सोनाबाईचा पाळणा मागून आणून टांगला. पण सोनाबाईनं बजावलं, "रिकामा पाळणा ठेवू नको गो. बारशाला नाय का पोराआधी वरवंटा निजवत? तसा निजव."

रंभानं वरवंटा धुतला, दुपट्यात गुंडाळला, टोपडं चढवलं, आणि हातासरशी काजळाची तीटही लावली. मग ती विहिरीवर गेली. नेमक्या तेव्हाच टांग्यातून बाई उतरल्या.

बाईंनी चूल बघितली, पाण्याची जागा बघितली आणि पाळण्यापाशी थबकल्या.

"घरात मूल आहे?"

खरं तुळशीरामच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण शिकलेल्या बाईपुढं दगड निजवलाय असं कुठल्या तोंडानं सांगायचं? त्याचे कान तापले. "शेजारच्या हव्वाबीचा नातू," तो म्हणाला.

"फारच काळासावळा आहे हो."

"मिठागरावर ऊन लई, बाई."

"आणि रडत कसा नाही?"

"समजूतदार हाय. घराणंच तसं."

"पटलं बाईंना?" मुनाफनं गाळणी झटकत विचारलं.

"पटतच आलं होतं रे. पण त्यांनी गालाला हात लावला."

बाई किंचाळल्याच. "अहो, अंग बर्फासारखं गार पडलंय! डॉक्टरांना बोलवा!"

"प्रकृतीच थंड हाय त्याची," तुळशीराम म्हणाला.

बाईंनी पोर उचलायला हात घातले ते तान्ह्या जिवाच्या अंदाजानं, आणि हाती लागला काळा फत्तर. गाठोडं सुटलं. सारवलेल्या भुईत खड्डा पाडून ते गडगडत दाराकडं निघालं आणि आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या हव्वाबीच्या पायाशी, टोपडं न पडता, थांबलं. तिच्या मागं हंडा घेऊन रंभा.

"हा तुमचा नातू?" बाईंनी विचारलं.

हव्वाबीनं खाली बघितलं. "या अल्ला. आधी माझ्या झकेरियाचं लगीन तरी लावा."

इथं तुळशीरामनं बशी खाली ठेवली. जन्मभर त्यानं थापा मारल्या, पण त्या दिवशीचं रंभाचं तोंड आठवलं की त्याला चहा गोड लागत नसे. हंडा कमरेवर तसाच, पाणी लुगड्यावर सांडतंय, आणि ती नुसती त्याच्याकडं बघतेय. घरात यायच्या आधीच तिची लेक त्यानं जिभेनं घालवली होती.

"मग रे?" मुनाफनं हळूच विचारलं.

तुळशीरामनं उरलेला चहा एका घोटात संपवला आणि छाती काढली. "मग काय, मी पुढं झालो. म्हटलं, बाई, खोटं बोललो, पायताण मारा. पण रिकामा पाळणा आमाला बघवला नाय. अवो, जी बाई दगडाला बी तीट लावल्याबिगर निजवत नाय, तिच्याकडं तुमची पोर उघडी पडंल काय? बाईंनी पदर डोळ्यांना लावला. तिथंच म्हणाल्या, पोर घेऊन जा."

मुनाफनं न मागता दुसरा चहा पुढं केला.

दारात जनी उभी होती, बापाला जेवायला बोलवायला आलेली. आश्रमातून आली ती हीच, आता दुधाचे दात पडायला लागलेली.

"खोटं," ती म्हणाली. "हव्वाबीनं मला सांगितलंय. ते समदं आय बोलली. बाबा तवा भाताच्या कणगीमागं लपला होता."