सव्वादोन किलोंचा सापळा

आमच्या ऑफिसात एकेचाळीस माणसं, पाच विभाग आणि माझ्याशी आपणहून बोलणारे शून्य! संगणक सुरक्षा आणि जोखीम विभाग सहावा. त्याची प्रमुख मी आणि विभागात माणूसही मीच.

दोष माझाच. मागच्या महिन्यात परीक्षा म्हणून मी सगळ्यांना 'सिनेमाची फुकट तिकिटं' अशी खोटी ईमेल पाठवली. एकोणतीस जण फसले. वर मी त्यांची नावं भर सभेत पडद्यावर झळकवली! तेव्हापासून मी लिफ्टमध्ये शिरले की लोकांना जिन्याचं प्रेम येतं.

शेवटी साहेब म्हणाले, "भांडून सुरक्षा होत नसते. शुक्रवारपर्यंत पाचही विभाग एका टेबलाशी बसवून दाखव. नाहीतर तुझी नोकरी पक्की करायची का, ते बघावं लागेल."

"एवढंच ना!" मी म्हटलं. ताईचा सल्ला तयारच होता: माणसं जोडायची तर त्यांना खाऊ घाल. घरी केक केला, वजन केलं, सव्वादोन किलो भरला. खोक्यात घालून चहाच्या खोलीत ठेवला आणि ईमेल धाडली: 'सर्वांसाठी केक! येणार असाल तर खालचं बटण दाबा.'

कोणीही दाबलं नाही.

मी अकाउंट्सच्या काकूंकडे गेले. "काकू, केक खायला चला ना!"

"मागे तिकिटं, आता केक! एकदा फसले, पुन्हा नाही हं."

"अहो, खराच आहे!"

"तिकिटंही खरीच वाटली होती, बाई!"

तोवर विक्रीवाल्या दादाने गेटवर फोन केला होता. गेटवरचे मामा धावत आले आणि चहाच्या खोलीच्या दारात हात पसरून उभे राहिले.

"बेवारस खोका कुणाचा?"

"माझा! मामा, मला ओळखत नाही का?"

"ओळखतो की! पण चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. कार्ड?"

कार्ड आत, केकशेजारी!

मी कपाळावर हात मारून वळले, तर काचेपलीकडच्या सभागृहात वेगळाच सोहळा. प्रवासाच्या बिलांवरून दोन वर्षं अबोला धरलेले काकू आणि दादा डोक्याला डोकं लावून माझी ईमेल तपासत होते. हळूहळू गोदामवाले आले, छपाईवाले आले, भरतीवालेही खुर्च्या ओढून बसले.

मीही आत शिरले, तेवढ्यात साहेब आले. "हे काय चाललंय?"

"सापळा पकडला, साहेब!" काकू गरजल्या. "सगळ्यांनी मिळून!"

साहेबांनी टेबलाभोवती नजर फिरवली. "पाचही विभाग?"

"पाचही!"

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मानलं तुला! नोकरी पक्की."

माझा जीव भांड्यात पडला. "साहेब, मग याच आनंदात केकचा एक तुकडा?"

साहेब दोन पावलं मागे सरकले. "छे छे! मला काय एवढा भोळा समजलीस?"

संध्याकाळी घरी येऊन केक पुन्हा काट्यावर ठेवला. सव्वादोन किलो.