कागदावरचं एकच नाव

“कागदावर घरी असणाऱ्याचं नाव लिहावं, आठवण येणाऱ्याचं नाही,” असं सासूबाई म्हणाल्या होत्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शाळेच्या गाडीच्या अर्जात ‘मुलीला उतरवून घेणार कोण’ असा रकाना होता, तिथे मी नवऱ्याचं, ब्राउलियोचं नाव लिहिलं. एकट्याचंच. तो चिलीच्या उत्तरेला तांब्याच्या खाणीत. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस इकडे वाल्पराइसोला. नाव लिहिताना तो क्षणभर दारात उभा असल्यासारखा वाटला, म्हणून लिहिलं.

पुढे पालकसभेत मीच म्हटलं, की गाडीवाल्यांना धड प्रशिक्षण हवं. काळजी करणारी आई, त्यात शिकलेली. काम माझ्याच गळ्यात पडलं. मी बावीस नियम लिहिले आणि शनिवारी प्रात्यक्षिक ठेवलं. पालकांनी मुलं व्हायचं, चालकांनी त्यांना घरोघर सोडायचं. तीन चुका झाल्या की नापास, आणि नापास झाला त्याची फेरी गेली.

आमची गाडी चालवणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या एर्नाल्दोकाकांच्या दोन चुका पहिल्या चढावरच झाल्या. चालू गाडीत ते गायले, आणि पट्टा न लावणाऱ्या एका ‘मुला’ला त्यांनी टपली मारली. तो मुलगा वकील होता.

मी माझ्या मुलीच्या, मिल्लारायच्या जागेवर बसले होते, गुडघे हनुवटीला लावून. सगळे उतरले. शेवटचं घर माझं. दारात सासूबाई.

“चला काका, उतरते मी.”

“थांब बाळ. कागदावर ब्राउलियो आहे. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नाही. नियम पाचवा.”

“अहो, मी बायको आहे त्याची.”

“तू आत्ता सहा वर्षांची आहेस.”

“रोज मिल्लारायला आईंच्याच हाती देता ना?”

“रोज परीक्षा नसते.”

सासूबाई पायरीवरून म्हणाल्या, “द्या की तिला इकडे.”

“तुमचं नाव नाही, बाई.”

“मग ठेवा तुमच्याकडेच. भाजी तरी शांतपणे चिरून होईल,” म्हणून त्यांनी दार लावलं.

काकांनी हातब्रेक ओढला, किल्ली काढली, आणि नियम सहाप्रमाणे कागदावरच्या माणसाला फोन लावला.

“उचलणार नाही तो,” मी म्हटलं. “रात्रपाळी आहे. अकरा दिवस झाले, माझा एकही फोन उचलला नाही.”

पहिल्याच घंटेला आवाज आला. “काका? काय झालं? पोरगी बरी आहे ना?”

“पोरगी बरी आहे. तिची आई गाडीत अडकलीय. तुझ्या आईच्या हाती दिली तर चालेल?”

 पलीकडे ब्राउलियो हसला. “चालेल. पण आधी फोन द्या तिच्याकडे.”

माझ्याकडे अकरा दिवसांचं साठलं होतं. तोंडून एवढंच आलं, “जेवलास?”

“झोपलो होतो. दिवसा घंटा बंद ठेवून झोपतो, रात्री खाणीत फोन चालत नाही. काकांच्या फोनची घंटा तेवढी झोपेतही चालू ठेवतो.”

“का?”

“गाडीचा फोन म्हणजे मिल्लाराय. आणि दर शुक्रवारी करतात ते. काय गायली, कुणाशी भांडली. दात पडला तेही त्यांनीच सांगितलं.”

मी काकांकडे पाहिलं. ते आरसा पुसत होते. आठवा नियम माझाच होता: चालकाने पालकांशी गप्पा मारू नयेत. म्हणजे तिसरी चूक मी स्वतःच्या कानांनी ऐकली होती.

“माझ्या फोनची घंटा का नाही चालू ठेवत?”

“ठेवतो आजपासून,” तो म्हणाला. त्याच्यामागे पंख्याचा आवाज येत होता. तोही मी ऐकत बसले.

संध्याकाळी गुण भरताना आधी आठवा नियम खोडला, मग काकांना पास केलं. चालकांच्या अर्जात एक रकाना होता, ‘परतायला उशीर झाला तर कोणाला कळवायचं?’ काकांनी तिथे आडवी रेघ मारली होती. शाईची, सरळ, पट्टी लावून मारलेली. मी रेघेवर माझं नाव आणि नंबर लिहिला.

तुमच्याकडेही मुलांना सोडणारे कोणी काका असतील. शेवटचं मूल उतरल्यावर ते घरी नीट पोचतात का, आज एकदा फोन करून विचारा.