खोक्यातल्या अकरा पोळ्या

माणसानं शिकावं, पण आत्याच्या घरचं पाणी नाकारण्याइतकं शिकू नये, असं सोजराबाईंचं स्पष्ट मत होतं.

भावाची लेक पूनम कासारवाडीहून पुनावळ्यात आली ती तोंडाला मास्क अन् हाताला रबरी मोजे घालूनच. चहा नको, पाणी नको, टेकणंही नको. ती लॅबमध्ये नोकरीला. म्हशीच्या गोचिडी हातानं उपटताना सोजराबाईंच्या लेकाला, हिंदुरावला, एक डसली होती आणि चौथ्या दिवशी ताप एकशेतीनवर गेला होता. गोचिडीचा एक ताप माणूस घेऊन जातो, हा तोच का ते रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. चाकणला बारा ट्रक पळवणाऱ्या हिंदुरावनं सुई पाहिली आणि म्हशी कुणाच्या नावे करायच्या तेही सांगून टाकलं.

रक्ताची नळी नीट गुंडाळून पूनमनं थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवली आणि लॅबच्या साहेबांना फोन लावायला अंगणात गेली. सणासारखा स्वयंपाक करून भाची उपाशी गेली, हे भावकीत कळलं असतं तर सोजराबाईंना तोंड दाखवायला जागा नव्हती. त्यांनी खोकं उघडलं. बर्फाच्या चारही पिशव्या काढून तापलेल्या लेकाच्या कपाळावर ठेवल्या. त्या जागी तव्यावरच्या अकरा पुरणपोळ्या फडक्यात बांधून बसवल्या. वजनही बरोब्बर जमलं. पूनमनं वरून चिकटपट्टी मारली अन् निघाली.

संध्याकाळी तिचा फोन आला. नळी कोमट झाली होती. त्या तापाच्या विषाणूचा जो अंश पीसीआरच्या यंत्रात शोधतात, तो उष्णतेनं मोडून जातो. आता 'काही नाही' असं उत्तर आलं तरी त्यावर भरवसा ठेवता येणार नव्हता. पुन्हा टोचावं लागणार होतं.

"पोळ्या कशा झाल्या म्हनले सायेब?"

"आत्या, जाळल्या. रक्ताच्या खोक्यातलं कुणी खातं का?"

"चाखल्या बी न्हाईत?"

दुसऱ्या दिवशी पूनम आली तेव्हा हिंदुराव कडब्याच्या गंजीमागे जाऊन बसला होता. सोजराबाईंनी स्वतःची बाही वर केली.

"माझं काढ. त्याच्या अंगात माझंच रगात हाय."

"तुला गोचीड डसली का, आत्या?"

सोजराबाईंनी बाही खाली केली. त्यांनी लेकाला बखोट धरून आणलं. विषाणूसाठी पीसीआर आणि त्याच्याशी लढायला शरीर जे तयार करतं त्यासाठी एलायझा, अशा दोन्ही तपासण्या होणार होत्या. खोकं पूनमनं मांडीवरून खाली ठेवलंच नाही.

दोन दिवस सोजराबाईंना घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी पूनम रिपोर्ट घेऊन आली, मोजे नाहीत, मास्क नाही. दोन्हींत काही सापडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले साधा फ्लू, आणि ताप उतरलाही होता. मग ती जेवायला बसली. खोकं एकटं सोडल्याबद्दल साहेबांनी किती झापलं, ते तिनं चार पोळ्या होईपर्यंत सांगितलं.

सोजराबाईंनी पाचवी वाढली, वर तूप सोडलं.

"तुझ्या कामात खोट न्हाई, पूनम. पन पयल्याच दिशी गप जेवली असतीस, तर माझ्या लेकाला एकदाच टोचलं असतं. चूक तुझीच हाय."