वाटाडेसाहेब चौथऱ्यावरून उतरले, त्याची हकीकत

आपण आज्ञा केली की, रविवारी सकाळी शहराच्या जुन्या दफनभूमीत जो प्रसंग गुदरला त्याची खरी हकीकत लिहावी, कारण जो तो आपल्या पदरचा मीठमसाला लावून सांगतो आहे. त्यास आम्ही जातीने हजर होतो, पायी बूट नवे होते आणि ते चावत होते, तरी डोळे उघडे ठेविले होते. सबब जे वर्तले तेच लिहितो, आणि ज्यास पटणार नाही त्याने वाचण्याची तसदी घेऊ नये.

ही दफनभूमी पुरातन आणि मातबर. सेनापती, सावकार, न्यायाधीश ऐसे थोर थोर पुरुष येथे संगमरवराखाली आडवे जाहले, आणि त्यांच्या मधल्या फटींतून साधी माणसे, ज्यांस कोणी पुसत नाही. पूर्वी कोणीही यावे, फुले ठेवावी आणि जावे ऐसा रिवाज होता. मग एका न्यायाधीशाच्या डोईवरला दगडी देवदूत ढासळला आणि पालिकेने फाटकास कुलूप घातले, आणि फर्मान काढिले की, आत जाणे ते फक्त रविवारी, फक्त सफरीच्या जमावासंगे आणि फक्त फरसबंद वाटेने. एवंच मेलेल्या माणसास भेटावयाचे तर वाटाड्याची मर्जी सांभाळणे आले.

सफरीचे सुभेदार म्हणजे खासे वाटाडेसाहेब, इतिहासाचे सेवानिवृत्त मास्तर. अंगलट आटोपशीर, इतकी की घोळक्यात शिरले म्हणजे दिसेनासे होत. परंतु आवाज नगाऱ्याचा. हाती पिवळी छत्री, ती मिटून उंच धरीत, तेच निशाण. निशाणापुढे जाणे नाही, निशाणामागे रेंगाळणे नाही आणि गवतात पाऊल घालणे तर नाहीच नाही, ऐसा कडक दंडक होता.

त्या रविवारी जमावात एक बाई होत्या. वय सत्तरीपार, गुडघे रुसलेले, तरी घरात सगळे अद्याप धाकटीच म्हणत, सबब आम्हीही धाकटीबाई लिहितो. यांची थोरली बहीण नवव्या वर्षी तापाने गेली आणि याच भूमीत निजली, आणि मग बापाने शहर सोडिले ते सोडिलेच. आता बाईंचा मुक्काम कायमचा लेकीकडे, समुद्रापार हलावयाचा होता. सामान बांधून तयार, विमान दुसऱ्याच दिवशीचे. बाईंनी लेकीस निर्वाणीचे कळविले की, ताईला सांगितल्यावाचून मी विमानात पाऊल ठेवणार नाही. सबब बाईंस न्यावयास आलेले जावईबुवा सोबतीस नेमिले गेले, ज्यांस रविवारच्या झोपेहून प्रिय ऐसे जगात काही नव्हते.

दगडाची खूण एकच. बाप पेशाने गवंडी. भिंत ओळंब्यात उभी करावी ती त्यानेच, परंतु नक्षीची विद्या शून्य. थोरलीस मांजरांचे वेड, म्हणून बापाने स्वहस्ते दगडाच्या कोपऱ्यात मांजर कोरिले, आणि ते मांजर कसले, भोपळाच जाहला, वर शेपूट उभी. नाव रंगाने लिहिले होते, ते पावसाने केव्हाच नेले. परंतु दगड बसविला त्या दिवशी आई रडता रडता ते ध्यान पाहून हसली, एवढे लहानग्या धाकटीच्या मनात राहून गेले, आणि जवळच कोणी घोड्यावरचा पुतळा होता, तेही.

मग कूच जाहले. न्यायाधीशापाशी वाटाडेसाहेबांनी त्यांच्या न्यायाची तारीफ केली आणि सावकारापाशी त्याच्या दानधर्माची, जो बहुतेक मेल्यावरच उघडकीस आला, आणि प्रत्येक मुक्कामी मागल्या फळीतील एक जाडे गृहस्थ ओरडत की, "अहो, दिसत नाही." धाकटीबाईंनी मात्र गवतावर मोर्चा लाविला. वाकत, दगड न्याहाळत दोनदा वाट सोडिली, आणि दोनदा छत्रीचे टोक त्यांजकडे रोखून हुकूम सुटला की, गवतातल्या बाईंनी वाटेवर यावे. बाईंनी अर्जी केली, "मास्तर, मांजर कोरलेला दगड कुठं आहे, ठाऊक आहे का?"

"आपल्या सफरीत मांजरं येत नाहीत," वाटाडेसाहेबांनी फर्माविले, आणि लोक हसले, आणि जावईबुवांनी खालमानेने घड्याळ पाहिले.

मग फौज घोड्यावरच्या सेनापतीपाशी दाखल जाहली. हे सेनापती तोफखान्याचे, आणि हा मुक्काम म्हणजे सफरीचा कळस. साहेब शेजारच्या बसक्या दगडावर चढले, कारण वर्षानुवर्षे तेच त्यांचे सिंहासन, आणि चढताच साहेबांची उंची आणि इतिहास दोन्ही वाढले. सांगितले की, याच चौथऱ्यावरून सेनापतींनी अखेरची तोफ डागली, आणि पुरावा हवा तर कोपऱ्यात हा तोफगोळा पाहा, वर पेटती वातदेखील कोरली आहे. पालिकेच्या माहितीपत्रकावरही हाच गोळा छापिला होता. लोकांनी भराभर फोटो काढिले आणि सेनापतींच्या शौर्याने आमचाही ऊर भरून आला, हे कबूल करतो.

धाकटीबाईंनी गोळा पाहिला, वात पाहिली, आणि त्यांचे पाय तेथेच खिळले.

"मास्तर, जरा पाय काढा," बाई म्हणाल्या. "तुमच्या बुटाखाली कान आहेत."

"कसले कान?"

"मांजराचे. ही माझी ताई आहे."

मग मोठा पेच पडला. साहेब उतरावे तर पत्रक बुडते, सेनापतींची अखेरची तोफ बुडते, आणि साहेब स्वतः घोळक्यात बुडतात. सबब त्यांनी खुलाशाचा मारा सुरू केला की, तज्ज्ञांनी हा तोफगोळाच ठरविला आहे, आणि तज्ज्ञ कोण, तर अर्थात खासे आपण. जावईबुवांनी सासूबाईंची बाही ओढून पाहिली. बाई हलल्या नाहीत.

"शेवाळ पुसून बघा," त्या म्हणाल्या. "डावीकडं तीन मिश्या निघतील आणि उजवीकडं दोनच. तिसरीच्या वेळी बाबांची छिन्नी घसरली होती."

साहेबांनी छत्रीच्या टोकाने शेवाळ खरवडिले, बहुधा बाईंस खोटे पाडावे म्हणून. डावीकडे तीन निघाल्या. उजवीकडे दोन निघाल्या आणि पुढे एक वाकडा ओरखडा. तोफगोळ्यास मिश्या असल्याचे उदाहरण साहेबांच्या वाचनात नव्हते, तरी साहेब वरच उभे, कारण उतरावे कसे हे ते विसरून गेले होते.

तेव्हा जावईबुवा, जे सकाळपासून जांभयांखेरीज काही बोलले नव्हते, पुढे जाहले आणि हात देऊन म्हणाले, "उतरा, साहेब."

साहेब उतरले. मग खिशातून रुमाल काढिला आणि दगडावरचे आपल्या बुटांचे ठसे पुसू लागले, फार वेळ पुसत राहिले. धाकटीबाई जावयाच्या खांद्यास धरून खाली बसल्या, त्या ओबडधोबड कानांवरून हात फिरविला आणि म्हणाल्या, "ताई, मी उद्या निघाले. लांब जातेय. रागावू नकोस." सत्तरीची बाई नऊ वर्षांच्या मुलीस ताई म्हणाली, आणि जमावात कोणासही हसू आले नाही. जाड्या गृहस्थांनी टोपी काढून हाती घेतली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. काबीज मुलूख, एक बसका दगड, मांजरासकट. शत्रूकडील नुकसान, एक तोफ, जी कधी डागलीच नव्हती. धाकटीबाई दुसऱ्या दिवशी विमानाने रवाना जाहल्या. पालिकेस बातमी दिली, त्यांनी ती विचाराधीन ठेविली, आणि पत्रकावर अद्याप गोळाच आहे.

पुढल्या रविवारी आम्ही मुद्दाम गेलो, जुने बूट घालून. घोड्याच्या पुतळ्यापाशी वाटाडेसाहेब भुईवर उभे होते, म्हणजे असावेत, कारण घोळक्यातून पिवळी छत्रीच काय ती दिसत होती. मागून नेहमीप्रमाणे कोणी ओरडले की, दिसत नाही. त्यावर छत्रीखालून जो हुकूम सुटला, तो आम्ही कानांनी ऐकिला आणि येथे अक्षरशः नमूद करून लेखणी खाली ठेवितो: "मला बघू नका. खाली वाका. इथं मांजर आहे."