पाळण्याला करडईचं तेल

ऑइल पेंटवर ब्रशचे ओरखडे उठले, तर चूक रंगाची नसते, रंगवणाऱ्याची असते. हे मी आबेदाचाचींच्या ओट्यावर बसून चार बायांसमोर बोलले. बी.एस्सी.ला केमिस्ट्री होतं माझं, आणि पाळणा परत द्यायला पाच दिवस होते.

जळकोटच्या आमच्या गल्लीत सागवानी पाळणा एकच. आहे चाचींचा, पण त्यात झोपलंय अख्ख्या गल्लीचं लेकरू. रीत एवढीच, की परत देताना रंगवून द्यायचा. त्यामुळे टवका उडाला की खाली निळा, त्याखाली गुलाबी. कोणाच्या घरी कधी पाळणा हलला ते टवक्यात मोजता येतं. माझ्या सत्यमसाठी आला तेव्हा तो पोपटी होता, आणि त्या पोपटीवर ओरखडे असे, की नांगरून ठेवलेलं रान. आता चाचींचा मुलगा रियाज, त्याला मुलगी झाली होती, अलीझा. शुक्रवारी तिचे चाळीस दिवस भरणार आणि ती पाळण्यात पडणार.

रंगाचं दुकानही रियाजभाईंचंच. मी पिवळा रंग घेतला.

“वहिनी, जवसाचं तेल घाला त्यात. वाटीभर रंगाला एक चमचा. रंग आपसूक पसरतो, ओरखडे बसून जातात. पण लई नका घालू.”

तेलाच्या डब्यावर लिहिलं होतं, ‘लहान मुलांपासून दूर ठेवा.’ पाळण्यापासून लहान मूल दूर कसं ठेवायचं? सत्यमने दात येताना अर्धा कठडा चाटून संपवला होता. मी डबा तिथंच ठेवला. (तीच ओळ रंगाच्या डब्यावरही होती. ती मी नंतर वाचली.)

फोनवर शोधलं, तर करडईचं तेलही रंगात चालतं म्हणे, आणि रंग पिवळा पडत नाही. माझा रंग पिवळाच होता, पण फायदा तो फायदा. शिरूर अनंतपाळहून वडिलांनी पाठवलेलं घाण्याचं तेल घरात होतंच. पुढं ‘मात्र सावकाश वाळतं’ असं काहीतरी होतं, पण तेवढ्यात सत्यम उठला.

एक चमचा चांगला, तर अर्धी वाटी उत्तम, हे औषधाला लागू नाही एवढं मला माहीत होतं. रंगाला लागू नाही, हे माहीत नव्हतं.

सोमवारी रंगवला. आधी घासायला हवा होता, पण ती धूळ सत्यमच्या नाकात गेली असती. रंग मात्र असा पसरला, की कठड्यात माझं तोंड दिसत होतं. कचरा बसू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या.

मंगळवारी पाळणा ओला. बुधवारीही ओला.

“दामिनी, ह्यो रंग हाय का लोणचं?” सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी विचारलं. “मुरायला ठेवलास का?”

“हात लावू नका, आत्या.”

“म्या कशाला लावू?” म्हणत त्यांनी अंगठा पदराआड नेला. अंगठा पिवळा होता. पदरही झाला.

त्या दिवशी दूधवाले मल्लिनाथ येऊन गेले, शेजारच्या कस्तुराबाई येऊन गेल्या. प्रत्येकाने “वाळला का?” विचारलं आणि उत्तर बोटाने स्वतःच घेतलं. मतदान करून आल्यासारखी गल्लीभर बोटं पिवळी. कठड्यावर एवढे ठसे, की पोलिसांना महिनाभर काम पुरलं असतं.

मग मी खिडक्या उघडून पंखा लावला. दारात आत्या तूर पाखडत होत्या. सगळा कोंडा पाळण्यावर जाऊन बसला. चिकटपणा मोडावा म्हणून मी त्यावर सत्यमची पावडर भुरभुरली. आता तो पाळणा साखरेत घोळवलेल्या शेवेसारखा दिसत होता. मुंग्यांनाही तसंच वाटलं. आल्या, आणि तिथंच राहिल्या.

गुरुवारी सकाळी चाचींचा निरोप आला, “बेटा, जुम्म्याला पाळणा पायजे. आमच्या जावेनं पाहुण्यांना सांगून ठेवलंय, दामिनीनं आरशासारखा केलाय म्हणून.”

मी रियाजभाईंना बोलावलं. ते बराच वेळ पाळण्याभोवती फिरले. कठड्याचा वास घेतला.

“वहिनी, पाळणा रंगवला का तळायला काढला?”

मी वाटीचं माप सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. तेही पिवळं झालं.

मग पाळणा अंगणात नेला, टर्पेंटाइनमध्ये चिंध्या बुडवल्या आणि ते पुसत सुटले. मी सत्यमला घेऊन आतल्या खोलीत. तासाभरात कोंडा, पावडर, मुंग्या आणि गल्लीचे सगळे ठसे उतरले. खाली जुना पोपटी होता तसाच. घासला नव्हता म्हणून वाचला.

“आता नवा हात नको,” ते म्हणाले. “पोरगी उद्या झोपायची हाय. पुसून, उन्हात ठेवून द्या.”

शुक्रवारी अलीझा पाळण्यात पडली आणि लगेच झोपली. चाचींनी कठड्यावरून हात फिरवला. चष्मा डोळ्यांवर नव्हता, त्यामुळं रंग जुना पोपटीच आहे हे त्यांना दिसलं नाही.

“बगा गं बायांनो, रंग द्यावा तर असा. वास न्हाई, हाताला लागत न्हाई. लई दिवसांचा मुरल्यावानी वाटतोय.”

“काय घातलंस गं?” कस्तुराबाईंनी हसू दाबून विचारलं.

मी रियाजभाईंकडे पाहिलं. ते पाळणा हलवण्यात फार गढून गेले होते.

“करडईचं तेल,” मी म्हणाले. “पण लई नाही घालायचं.”

उरलेलं तेल वाया गेलं नाही. अंगाला लागलेला ऑइल पेंट त्यानं छान सुटतो. सत्यमचे कान झाले, माझी कोपरं झाली. आत्यांचा अंगठा तेवढा राहिलाय. तो पिवळा आहे हेच त्या अजून मान्य करत नाहीत.