उशीतल्या सुया

त्या दिवशीबी चहा झाल्यावर मी दहा सुया ओवल्या. रुखमेले, म्हणजे माह्या बायकोले, सुईचं नेढं दिसत नव्हतं. मी सुया ओवून उशीले टोचून ठेवो अन् ती दिवसभर गोधडी शिवे.

"दोरा आखूड घालता तुमी," म्हणे. "चार टाक्यात संपते."

"लांब घातला का तू गुंता करतं," मी म्हटलं, अन् उठलो.

आमच्या शिरपुरात एक मंडळ आहे. गरीब दुखणाइताले खाट, वॉकर फुकट वापराले देते. त्याचं पावतीपुस्तक दिसलं का लोक मागच्या दारानं पसार. रुखमेनं नवाच रस्ता काढला. आहेरातले टोपी-दुपट्टे कोणी वापरत नाई, नुसते या घरून त्या घरी फिरतात. एकदा तिनं दुपट्टा देताना कोपऱ्यात लाल टाका घातला. पाच लग्नं फिरून तो माह्याच खांद्यावर आला. पोट दुखेपर्यंत हसली. मंग दिल्या दुपट्ट्याले टाका घालाची सवयच लागली तिले.

अन् लागली दारोदार दुपट्टे मांगत फिराले. "पडून काय करते ते? कामी लागू द्या." त्या दुपट्ट्यांची गोधडी करे, केनवडच्या बाजारात लिलाव करे, पैसा मंडळाले. कोणी भाव कमी बोललं का विचारे, "काहून रे, तुह्या घरी थंडी पडत नाई का?" शकील टेलर म्हणे, "भाभी, मेरी दुकान बंद कराओगी." अन् कापडाचं गाठोडं तोच आणून दे.

मले लाज वाटे. "भीक मांगून राह्यली तू," म्हणो. एकाबी दारात तिच्यासंगं गेलो नाई. सुया तेवढ्या ओवल्या.

त्या दिवशी हातात होती ते गोधडी विकली का मंडळाची नवी खाट येणार होती. दुपारी चार सुयांचा दोरा सरला, अन् रुखमा गोधडीवरच कलंडली. उठलीच नाई. सहा सुया उशीत तशाच राह्यल्या. गोधडीचा एक कोपरा उघडा.

तेरवीले सोयऱ्यांनी रीतीनं माह्या खांद्यावर दुपट्टे टाकले, एकावर एक. सारे गेल्यावर घड्या घालाले बसलो. एकाच्या कोपऱ्यात लाल टाका होता.

तो ठेवून घ्यावा वाटलं. पेटीतबी टाकला. पण पडून काय करते ते?

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली. दुपट्टा गोधडीच्या उघड्या कोपऱ्यावर लावला, लाल टाका वर ठेवून. तिच्या चटईवर बसलो अन् उशीतली पहिली सुई काढली.

चार टाके घातले. दोरा खरंच आखूड होता.